विमानांचं शेड्यूल आणि लिनिअर प्रोग्रॅमिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बरीच वर्षं एअरलाइन प्लॅनिंगच्या गणितात काम केलंय. घरच्या कार्यात कुणी भेटलं किंवा कॉलेजची मुलं प्रोजेक्टसाठी आली की तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदा सगळं लिहून काढलं. गणिताची भीती बाळगू नका, बेरीज-वजाबाकी येत असेल तर यातलं नव्वद टक्के कळतं.

एअरलाइनला एवढं गणित कशाला लागतं? विमानं आहेत, गावं आहेत, उडवायचं की.

एसटीचा डेपो मॅनेजर काय करतो ते आठवा. कुठली गाडी कुठल्या रूटला लावायची, मुक्कामी गाडी कुठल्या गावाला पाठवायची म्हणजे सकाळी पहिली फेरी तिथूनच सुटेल, ड्रायव्हर-कंडक्टरची ड्युटी कुठे संपवायची, गाडी वर्कशॉपला कधी न्यायची. एअरलाइनचा प्रश्न हाच आहे, फक्त इथे एक गाडी शेकडो कोटींची असते, उभी राहिली तरी लीजचं भाडं चालू असतं, ए३२० या मोठ्या विमानाचा पायलट एटीआर हे छोटं विमान चालवू शकत नाही, आणि रिकामी सीट घेऊन विमान उडालं की ती सीट कायमची गेली, उद्या विकता येत नाही.

हे सगळं एकदम सोडवणं आजही जमत नाही म्हणून त्याचे टप्पे पाडतात. आधी शेड्यूल, म्हणजे कुठून कुठे किती वाजता. मग फ्लीट असाइनमेंट, म्हणजे कुठल्या फ्लाइटला कुठल्या प्रकारचं विमान. मग राउटिंग, म्हणजे त्या प्रकारातलं नेमकं कुठलं विमान. मग क्रू पेअरिंग आणि शेवटी रोस्टर, म्हणजे कुठल्या माणसाला कुठली ड्युटी. प्रत्येक टप्प्याला लिनिअर प्रोग्रॅमिंग या ना त्या रूपात आहेच.

लिनिअर प्रोग्रॅमिंग म्हणजे बारावीत आलेख काढून करायचो तेच का?

तेच. एक गोष्ट कमीत कमी किंवा जास्तीत जास्त करायची, अटी सगळ्या सरळ रेषेच्या, आणि उत्तर आकृतीच्या कोपऱ्यावर सापडतं. बारावीला दोन व्हेरिएबल असतात म्हणून कागदावर आलेख काढता येतो, इथे हजारो किंवा लाखो असतात म्हणून कॉम्प्युटर लागतो, पण कोपऱ्याची कल्पना तीच. कॉमर्सवाल्यांनी असाइनमेंट प्रॉब्लेम केला असेल, हंगेरियन मेथडने चार कामं चार माणसांना वाटायची, तो तर याचा सख्खा भाऊ आहे.

'प्रोग्रॅमिंग' या शब्दावरून बरेच जण कोडिंग समजतात. तसं नाही. अमेरिकन हवाई दलात ट्रेनिंग, पुरवठा, तैनाती यांच्या योजनेला 'प्रोग्रॅम' म्हणायचे, तिथून तो शब्द आलाय. म्हणजे या विषयाचं विमानांशी नातं नावातच आहे.

एखादं छोटं उदाहरण द्या ना, आकड्यांसकट.

हे नीट वाचा, पुढचं सगळं यावर उभं आहे. आकडे मी समजुतीसाठी घेतलेत, खऱ्या कंपनीचे नाहीत.

सकाळच्या चार फ्लाइट आहेत. मुंबई-नागपूरला १६० लोक यायला तयार आहेत, नागपूर-मुंबईला ७०, मुंबई-गोव्याला ९० आणि गोवा-मुंबईला १७०. दोन प्रकारची विमानं, ७८ सीटचं एटीआर आणि १८० सीटचं ए३२०. एका फ्लाइटचा खर्च एटीआरला २ लाख, ए३२० ला ४ लाख धरू. (एटीआर हळू जातं, वेळ जास्त लागतो, ते तूर्त सोडून देऊ.) जागा नाही म्हणून जो प्रवासी परत जातो त्याच्यामागे ४,००० रुपयांचं नुकसान. या सुटलेल्या प्रवाशांना धंद्यात 'स्पिल' म्हणतात.

आता फ्लाइट एकेक करून बघितली तर उत्तर सोपं दिसतं. १६० आणि १७० वाल्या दोन फ्लाइटना ए३२०, बाकी दोघींना एटीआर. खर्च १२ लाख, गोव्याला जाताना १२ लोक सुटले त्याचे ४८ हजार, एकूण १२.४८ लाख. छान. पण हे उडूच शकत नाही! नागपूरला ए३२० गेलं आणि तिथून परत निघायचंय एटीआरने, ते नागपुरात आहेच कुठे? ते गोव्यात उभं आहे, आणि गोव्यातून निघायचंय ए३२० ने जे नागपुरात बसलंय.

म्हणजे जे विमान गेलं तेच परत येणार. मग पर्याय चारच उरतात. नागपूरला ए३२० आणि गोव्याला एटीआर लावलं तर खर्च १२ लाख, स्पिल १२ अधिक ९२ म्हणजे १०४ लोक, एकूण १६.१६ लाख. उलट केलं, नागपूरला एटीआर आणि गोव्याला ए३२०, तर स्पिल फक्त ८२ लोक आणि एकूण १५.२८ लाख. दोन्हीकडे ए३२० लावलं तर स्पिल शून्य पण खर्च १६ लाख. दोन्हीकडे एटीआर लावलं तर खर्च ८ लाख पण १८६ लोक सुटले, एकूण १५.४४ लाख. तर जिंकला दुसरा पर्याय.

आता मला या उदाहरणातली खरी आवडणारी गोष्ट. सुटलेल्या प्रवाशाची किंमत ४,००० ऐवजी ३,५०० धरा, दोन्हीकडे एटीआर जिंकतं, १४.५१ लाखात. ५,००० धरा, दोन्हीकडे ए३२० जिंकतं, १६ लाखात, आणि आपला आधीचा विजेता १६.१० वर राहतो. तिकिटाचा एक आकडा थोडा हलला आणि अख्खा प्लॅन बदलला. चार फ्लाइटमध्ये ही गत, तर रोजच्या दोन हजार फ्लाइटमध्ये अनुभवी माणूससुद्धा डोक्याने हे करू शकेल का? माझ्या मते नाही, आणि यात त्या माणसाचा काही कमीपणा नाही.

मग हजारो फ्लाइटसाठी या अटी लिहितात कशा?

प्रत्येक फ्लाइट आणि प्रत्येक प्रकार यांच्या जोडीला एक व्हेरिएबल, ती फ्लाइट त्या प्रकाराने केली तर १ नाहीतर ०. पहिली अट सोपी, प्रत्येक फ्लाइटला बरोब्बर एकच प्रकार, म्हणजे तिच्या सगळ्या व्हेरिएबलची बेरीज १.

दुसरी अट म्हणजे वरची "गेलं तेच परत येणार". त्यासाठी एक सुंदर चित्र काढतात ज्याला टाइम-स्पेस नेटवर्क म्हणतात. प्रत्येक विमानतळाची एक आडवी रेघ, डावीकडून उजवीकडे वेळ पुढे जातो. फ्लाइट म्हणजे एका रेघेवरून दुसऱ्या रेघेवर जाणारा तिरका बाण, आणि विमान नुसतं उभं असेल तर त्याच रेघेवरून पुढे सरकणारा आडवा बाण. रेल्वे कंट्रोलमधला गाड्यांचा चार्ट कुणी बघितला असेल तर त्याला हे लगेच ओळखीचं वाटेल. आता बाण रेघेला जिथे मिळतात त्या प्रत्येक ठिपक्यावर एकच नियम, आलेली विमानं अधिक आधीपासून उभी असलेली बरोबर गेलेली अधिक उभी राहिलेली. नळाच्या पाइपसारखं, जेवढं पाणी आत तेवढंच बाहेर. एक खुबी अशी की उतरणाऱ्या बाणाचं टोक उतरायच्या वेळेला न लावता टर्नअराउंड धरून लावतात, म्हणजे ए३२० ९:०० ला उतरलं आणि अर्धा तास प्रवासी, सामान, सफाई, इंधन यात जाणार तर टोक ९:३० ला. म्हणजे "विमान तयार नव्हतं" ही चूक चित्रातच होऊ शकत नाही.

तिसरी अट मोजणीची. पहाटे तीनसारखी सगळ्यात शांत वेळ घ्यायची, तिथे एक उभी रेघ मारायची, आणि ती रेघ कापणारे त्या प्रकाराचे सगळे बाण मोजायचे, उभी असलेली आणि हवेत असलेली मिळून. बेरीज आपल्याकडे तेवढी विमानं आहेत त्याहून जास्त नको.

आणि दिवसाचं शेवटचं टोक पहिल्या टोकाला जोडायला विसरायचं नाही! मी एका ठिकाणी हे विसरलेलं मॉडेल बघितलंय, उत्तर इतकं स्वस्त आलं की सगळे खूश, मग कुणीतरी विचारलं की उद्या सकाळी दिल्लीहून निघायची विमानं आहेत कुठे, तर ती सगळी रात्री बंगलोरला मुक्कामी. सॉल्व्हरचं, म्हणजे हे गणित सोडवणाऱ्या सॉफ्टवेअरचं, काही चुकलं नव्हतं. जी अट लिहिली नाही ती त्याच्यासाठी जगात नसतेच, आणि या विषयात मी शिकलेली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच, पुढे क्रूच्या प्रश्नात ती परत येईल.

उत्तरात अर्धं विमान आलं तर?

येतं, खरंच येतं. नुसतं लिनिअर प्रोग्रॅम सोडवलं तर "या फ्लाइटला ०.५ एटीआर, ०.५ ए३२०" असं उत्तर मिळू शकतं. एकाच प्रकारची विमानं असतील तर गंमत अशी की नेटवर्कच्या रचनेमुळे पूर्णांक उत्तर आपोआप मिळतं. दोन-तीन प्रकार त्याच फ्लाइटसाठी भांडायला लागले की ही सोय जाते. मग ब्रँच अँड बाउंड लावतात, म्हणजे एक अर्धवट व्हेरिएबल पकडायचं, एकदा ते ० धरून सोडवायचं, एकदा १ धरून, आणि ज्या फांदीचं सगळ्यात आशादायक उत्तरसुद्धा आपल्या हातातल्या उत्तरापेक्षा वाईट आहे ती फांदी छाटून टाकायची. ही पद्धत १९६० मध्ये एल्सा लँड आणि ॲलिसन डॉइग या दोघींनी मांडली, आजचे सगळे मोठे सॉल्व्हर त्याच पायावर उभे आहेत आणि या दोघींची नावं फारशी कुणाला माहीत नसतात म्हणून मुद्दाम लिहितोय.

हे सुरू कुणी केलं? आपल्याकडच्या कुणाचा हात आहे का?

जॉर्ज डँट्झिगने १९४७ मध्ये लिनिअर प्रोग्रॅम सोडवायची सिम्प्लेक्स मेथड काढली, तेव्हा तो अमेरिकन हवाई दलासाठी काम करत होता. त्याच्या आधी १९३९ मध्ये सोव्हिएत रशियात कांटोरोविचने याच प्रकारचं गणित मांडलं होतं, पण ते बाहेर पोहोचायला फार वर्षं लागली. विमानं कुठल्या मार्गांवर लावायची यावर फर्ग्युसन आणि डँट्झिग यांचा पेपर १९५६ चा, आणि त्यात त्यांनी प्रवाशांची मागणी पक्की माहीत नाही हेही धरलं होतं. एवढ्या लवकर एवढा पुढचा विचार, मला आजही त्याचं कौतुक वाटतं. १९६१ मध्ये एअरलाइनच्या ऑपरेशन्स रिसर्चवाल्यांनी (कामकाजाचे निर्णय गणिताने घेणारी मंडळी) ॲजिफॉर्स (AGIFORS) नावाची संघटना काढली, ती अजून चालू आहे.

आणि हो, आपला हात नक्की आहे. सिम्प्लेक्स आकृतीच्या कडेकडेने कोपऱ्यावरून कोपऱ्यावर जातं. १९८४ मध्ये बेल लॅब्समध्ये असलेल्या नरेंद्र करमरकर यांनी आकृतीच्या आतून उत्तराकडे जाणारी पद्धत दिली आणि जगभर खळबळ उडाली. ते आयआयटी मुंबईचे विद्यार्थी. त्यातून निघालेल्या इंटिरियर पॉइंट पद्धती नव्वदच्या दशकात फ्लीट असाइनमेंटसारख्या अवाढव्य प्रश्नांना फार उपयोगी पडल्या, कारण या प्रश्नांत सिम्प्लेक्स एकाच कोपऱ्यावर बराच वेळ अडकून बसतं. आज सॉल्व्हरमध्ये दोन्ही पद्धती असतात.

खरंच पैसे वाचतात का?

सगळ्यात गाजलेलं उदाहरण डेल्टा एअरलाइन्सचं. त्यांनी १९९४ मध्ये छापलेल्या पेपरमध्ये सांगितलं की रोजच्या २,५०० हून जास्त डोमेस्टिक फ्लाइट, साधारण ४५० विमानं, १० प्रकार, आणि 'कोल्डस्टार्ट' नावाच्या मॉडेलमुळे तीन वर्षांत ३० कोटी डॉलर वाचतील अशी अपेक्षा आहे. मॉडेलमध्ये साधारण ४०,००० अटी आणि ६०,००० व्हेरिएबल होते. त्याच्या आधी अमेरिकन एअरलाइन्सनेही असं मॉडेल वापरून १९८९ मध्ये लिहिलं होतं. लक्षात घ्या, यात नवं विमान घेतलं नाही, कुणाला काढलं नाही, फक्त आहे ते विमान योग्य फ्लाइटला लावलं.

ड्युअल किंवा शॅडो प्राइस म्हणजे काय, त्याचा इथे काय उपयोग?

मोजणीची अट आठवते? "एटीआर दहापेक्षा जास्त नकोत." सॉल्व्हर उत्तराबरोबर हेही सांगतो की दहाऐवजी अकरा असती तर रोज साधारण किती रुपये वाचले असते. लीजचं रोजचं भाडं त्याहून कमी असेल तर विमान घ्यायचा विचार करा. माझ्या मते मॅनेजमेंटला प्लॅनपेक्षा हा आकडा जास्त उपयोगी पडतो आणि बऱ्याच ठिकाणी तो कुणी बघतच नाही.

प्रकार ठरला, आता नेमकं कुठलं विमान हे कसं ठरतं?

राउटिंग. विमानाच्या शेपटीवर नंबर असतो म्हणून 'टेल असाइनमेंट' पण म्हणतात. इथली मुख्य अट मेंटेनन्स. प्रत्येक विमान ठराविक तास उडालं की तपासणीसाठी अशाच गावी रात्री मुक्कामाला पाहिजे जिथे हँगर, इंजिनिअर आणि स्पेअर पार्ट आहेत. मुक्कामी गाडी वर्कशॉप असलेल्या डेपोला न्यायची तसंच. त्यात इंजिनाचे प्रश्न आले की सगळं बदलतं, प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांमुळे इंडिगोची कितीतरी विमानं जमिनीवर होती आणि गो फर्स्टने मे २०२३ मध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज करताना याच इंजिनांकडे बोट दाखवलं. मॉडेलच्या भाषेत मोजणीच्या अटीतला उजवीकडचा आकडा, म्हणजे हातातल्या विमानांची संख्या, कमी झाला, बस, पण त्या एका आकड्यामागे किती जणांच्या नोकऱ्या होत्या.

क्रूचं गणित सगळ्यात अवघड असतं म्हणतात, का?

कारण विमान थकत नाही, माणूस थकतो.

क्रूच्या ड्युटीची एक साखळी असते, घरच्या बेसवरून निघायचं, दोन-तीन फ्लाइट करायच्या, हॉटेलात झोपायचं, परत फ्लाइट, आणि शेवटी त्याच बेसवर परत. याला पेअरिंग म्हणतात. मोठ्या एअरलाइनला अशा कायदेशीर साखळ्या कोट्यवधी होतात. त्यातून अशा साखळ्या निवडायच्या की प्रत्येक फ्लाइट बरोब्बर एकदा कव्हर होईल आणि खर्च कमीत कमी. एवढ्या साखळ्या लिहूनच काढता येत नाहीत, म्हणून कॉलम जनरेशन वापरतात. आधी थोड्याच साखळ्या घ्यायच्या आणि सोडवायचं. मग वरची ती ड्युअल प्राइस प्रत्येक फ्लाइटला एक किंमत लावते, म्हणजे ही फ्लाइट कव्हर करायला सध्या किती महाग पडतंय. मग नेटवर्कमध्ये अशी नवी साखळी शोधायची जी महागड्या फ्लाइट स्वस्तात कव्हर करेल. सापडली की टाकायची यादीत आणि परत सोडवायचं. जेव्हा अशी एकही साखळी सापडत नाही तेव्हा उरलेल्या कोट्यवधी साखळ्या न लिहिताच आपल्याला खात्री मिळते की लिनिअर प्रोग्रॅमचं याहून चांगलं उत्तर नाही. मी पहिल्यांदा हे शिकलो तेव्हा रात्रभर झोप आली नव्हती, न बघितलेल्या गोष्टींबद्दल खात्री देणारं गणित!

आता नियम. भारतात डीजीसीएचे, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचे, फ्लाइट ड्युटी टाइमचे नियम आहेत, त्यांचा दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला. पायलटची आठवड्याची विश्रांती त्याआधीच ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली होती, आता रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आली. आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंडिगोच्या फ्लाइट अक्षरशः हजारोंनी रद्द झाल्या, लोक विमानतळावर जमिनीवर झोपले, सामानाचे ढीग लागले, आणि सरकारला काही नियम तात्पुरते शिथिल करावे लागले. नव्या नियमांप्रमाणे किती पायलट लागतील याचा अंदाज चुकला होता.

माझं मत स्पष्ट आहे. नियम चुकीचे नव्हते. नियम म्हणजे मॉडेलमधली एक अट, ३६ च्या जागी ४८ टाकून परत सोडवलं की किती माणसं कमी पडतात ते काही तासांत कळतं, पण माणसं भरती करून ट्रेनिंग द्यायला महिनोन् महिने जातात. पहाटे चारला उतरणाऱ्या पायलटची झोप ही अट म्हणूनच लिहिली पाहिजे. ती "बघू, ॲडजस्ट करू" म्हणून सोडली तर सॉल्व्हर ती झोप पहिल्यांदा खाणार, कारण त्याला ती फुकट दिसते.

एवढं ऑप्टिमाइझ करूनही विमानं लेट का होतात?

थोडं त्यामुळेच! दोन फ्लाइटमध्ये ३० मिनिटं पुरतात म्हणून सगळीकडे ३० च ठेवली तर कागदावर सगळ्यात स्वस्त प्लॅन मिळतो. मग जानेवारीत दिल्लीला धुकं पडतं, सकाळची पहिली फ्लाइट दोन तास लेट, तेच विमान पुढे पुण्याला, तिथून चेन्नईला, तिथून कोलकात्याला, आणि रात्री कोलकात्यातल्या माणसाला सांगतात की दिल्लीच्या धुक्यामुळे उशीर झालाय आणि त्याला वाटतं थाप मारतायत. थाप नसते ती.

यावर उपाय दोन. एक म्हणजे प्लॅन करतानाच थोडा श्वास ठेवायचा, दिवसातून एकदा तरी विमानाला मोठा थांबा, आणि क्रू आणि विमान शक्यतो एकत्रच पुढे जातील असं बघायचं, म्हणजे एकाचा उशीर दोन फ्लाइटना लागत नाही. हा मोकळा वेळ अकाउंट्सवाल्यांना वाया वाटतो. त्यांना पटवायचा मार्ग एकच, उशिराचा खर्चसुद्धा रुपयांत मॉडेलमध्ये लिहायचा, मग सॉल्व्हर स्वतःच मोकळा वेळ ठेवतो.

दुसरा म्हणजे गडबड झाल्यावर पटकन नवा प्लॅन काढणं, त्याला रिकव्हरी म्हणतात. इथे सगळ्यात उत्तम उत्तर नको असतं, दहा मिनिटांत चांगलं उत्तर हवं असतं. काँटिनेंटल एअरलाइन्सने क्रू रिकव्हरीची अशी सिस्टिम केली होती, ११ सप्टेंबर २००१ नंतरच्या गोंधळात ती वापरली, त्या एका वर्षात साधारण ४ कोटी डॉलर वाचले आणि ऑपरेशन्स रिसर्चमधलं २००२ चं एडेलमन पारितोषिक त्यांना मिळालं. उलटं उदाहरण अमेरिकेतल्या साउथवेस्ट एअरलाइन्सचं, डिसेंबर २०२२ च्या हिमवादळात १६,००० हून जास्त फ्लाइट रद्द. वादळ सगळ्याच कंपन्यांवर आलं होतं, पण त्यांच्या क्रू शेड्यूलिंगच्या सिस्टिमला कोण माणूस कुठे अडकलाय तेच कळेनासं झालं आणि लोक फोनवर बसून हाताने जुळवत होते. पुढे अमेरिकन सरकारने १४ कोटी डॉलरचा दंड लावला.

सगळी एकाच प्रकारची विमानं ठेवली तर भानगडच नको ना?

गणित सोपं होतं हे खरं, आणि ट्रेनिंग, स्पेअर पार्ट सगळंच स्वस्त पडतं. पण १८० सीटचं विमान रोज ६० लोक असलेल्या गावाला पाठवणं परवडत नाही. मधला मार्ग म्हणजे एकाच कुटुंबातली लहान-मोठी विमानं. ए३२० आणि ए३२१ चं पायलट रेटिंग एकच, त्यामुळे बुकिंग बघून आयत्या वेळी अदलाबदल करता येते. फक्त केबिन क्रूचा नियम ५० सीटमागे एक असा आहे, म्हणून १८० सीटला चार पुरतात आणि २३२ ला पाच लागतात, ही पाचवी व्यक्ती कुठून आणायची हा प्रश्न मॉडेलमध्ये लिहायला लोक हमखास विसरतात.

मुंबई, पुणे, गोवा इथल्या काही खास अटी असतात का?

भरपूर. मुंबईच्या जुन्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी जवळजवळ एकाच धावपट्टीचं काम होतं. स्लॉट, म्हणजे उतरायची-उडायची नेमून दिलेली वेळ, म्हणजे सोनं, आणि मॉडेलमध्ये फ्लाइटची वेळ मागेपुढे करायची मुभा फार थोडी उरते. डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबई सुरू झाल्यावर नवाच प्रश्न आला. एका शहराचे दोन विमानतळ म्हणजे चित्रात दोन वेगळ्या रेघा, एकीवर उतरलेलं विमान दुसरीवरून निघू शकत नाही, पण प्रवासी मात्र दोन्हीकडे वाटला जातो. त्याची मागणी कशी वाटायची? हे ठरवायला काही सीझनचा डेटा लागेल, तोवर प्लॅनरच्या अंदाजावरच गाडी चालणार. गोव्यातही दाबोळी आणि मोपा असंच आहे, वर दाबोळी नौदलाचा तळ, त्यामुळे नौदलाच्या सरावाच्या वेळा सोडून उरलेल्या वेळेत बसवायचं. पुण्याचं लोहगाव हवाई दलाचं. पुणेकर नेहमी विचारतात की आम्हाला अमुक वेळेला फ्लाइट का नाही, तर दरवेळी एअरलाइनला ती नको असते असं नाही, बऱ्याचदा ती वेळच हातात नसते.

मग तिकीट स्वस्त का होत नाही?

कारण तिकिटाची किंमत हे मॉडेल ठरवत नाही, ती रेव्हेन्यू मॅनेजमेंटवाले मागणी बघून ठरवतात. या मॉडेलने खर्च कमी होतो. तो फायदा प्रवाशापर्यंत पोहोचतो का, हे त्या मार्गावर स्पर्धा किती आहे त्यावर.

आता एआय आलंय, हे जुनं गणित लागणार का?

लागणार. मशीन लर्निंग मागणीचा अंदाज, उशिराचा अंदाज छान देतं, ते घ्याच. पण "एकही फ्लाइट विमानाविना नाही आणि एकाही पायलटचा नियम मोडलेला नाही" याची खात्री आणि "याहून चांगलं उत्तर जास्तीत जास्त अर्धा टक्का चांगलं असेल" असं लेखी सांगणं, हे लिनिअर प्रोग्रॅमिंगच करतं.

घरी करून बघायचंय, कुठून सुरू करू?

एक्सेलच्या सॉल्व्हरमध्ये २०० व्हेरिएबलपर्यंत फुकट होतं, आपलं चार फ्लाइटचं उदाहरण त्यात आरामात बसतं. पायथन येत असेल तर पल्प नावाची लायब्ररी घ्या, सोबत सीबीसी सॉल्व्हर येतो, मोठं काही करायचं असेल तर हायज (HiGHS), दोन्ही फुकट. गुरोबी आणि सीप्लेक्स विद्यार्थ्यांना मोफत मिळतात. पुढे शिकायचंच असेल तर आयआयटी मुंबईत इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग अँड ऑपरेशन्स रिसर्चचा वेगळा विभाग आहे.

सुरुवात अशी करा. वरच्या चार फ्लाइट टाका, १५.२८ लाख उत्तर येतंय का बघा. "गेलं तेच परत येणार" ही अट काढून टाका, १२.४८ येईल. अट परत घाला, ४,००० चे ३,५०० करा. मग संध्याकाळच्या चार फ्लाइट स्वतःच्या मनाने घाला, आता सकाळी नागपूरहून आलेलं विमान संध्याकाळी गोव्याला जाऊ शकतं, आणि इथून मजा सुरू होते. कुठे अडलात तर आधी टाइम-स्पेसचं चित्र हाताने कागदावर काढा, दहातल्या नऊ चुका तिथेच दिसतात.